सात सेकंद

मे महिन्यात जळगावला बाराच्या खेळाला
लोक पिक्चरला कमी, एसीला जास्त येतात.
दगाजी नानांना मी आणलं ते मात्र मिरवायलाच.
धरणगावात सांगून झालं होतं सगळ्यांना,
लढाऊ विमानांचा पिक्चर लागलाय
आणि आमचा माणूस त्या लढाईत होता.

होता म्हणजे जमिनीवर.
हंटरच्या पोटाखाली उताणा,
चार तोफांत गोळ्यांचे पट्टे भरत,
डिसेंबरातल्या पहाटे, पंजाबात,
लोखंडाला बोटांची साल चिकटायची तेव्हा.

पडद्यावर नायकानं बटण दाबलं.
नाना खुर्चीच्या हातावर बोट आपटू लागले:
एक, दोन, तीन...
सातला थांबले. म्हणाले, "आते सरनं."
पडद्यावर काही सरलं नव्हतं.
नायक वळून, उलटा होऊन, कालव्यावरून, पुलाखालून
झाडतच होता. मागची पोरं शिट्ट्या मारत होती.
"सात सेकंदना माल ऱ्हास, भो.
मी भरेल शे ना."

मग नानांनी मोजायचंच घेतलं.
मास्क काढून आईची आठवण सांगणारा वैमानिक: एक.
रात्रीच्या हल्ल्यात विमानाची सावली: दोन.
इस्त्रीच्या कपड्यातला फिटर, नखात ग्रीस नाही: तीन.
"आनि पिना? पिना कोन दखाडी?"
पुढच्या रांगेतल्या बाईनं वळून पाहिलं.

पिना मला माहीत होत्या.
विमान सुटण्याआधी तोफांच्या सेफ्टी पिना उपसायच्या,
लाल फितीसकट हात उंच करून दाखवायच्या,
वर काचेतून साहेबानं मोजायच्या, अंगठा दाखवायचा.
चार पिना. साहेब परत आला
की त्याच पुन्हा खुपसायच्या.
केळुसकर साहेबाच्या चारही नानांकडेच राहिल्या.
एक अजून मागच्या खिडकीला कडी म्हणून आहे,
फीत उडून उडून कांद्याच्या सालीसारखी झालेली.
लहानपणी आम्ही ती काढून सुतळी बॉम्बची वात टोकरायचो.

शेवटी नायक दोन शत्रू घेऊन फुटला.
सगळा पडदा नारिंगी,
खुर्च्यांतून पाठीत आवाज घुसला,
आणि नानांचं बोट थांबलेलं.
मी वाट बघत होतो. चौथी चूक. पाचवी.
काही नाही.

बाहेर ऊन असं की रस्त्यावर पाणी दिसावं.
रसवंतीवर ग्लास हातात तसाच धरून नाना बोलले.

वेंगुर्ल्याहून साहेबाच्या आईचं आंतर्देशीय आलं होतं.
बारीक अक्षर. शेवटी एवढंच:
तू जवळ होतास बाबा, कसं झालं ते लिही.

आता जवळ म्हणजे किती जवळ.
धुक्यात गेलं ते विमान. आवाज गेला. मग आवाजही नाही.
सातला चहा आला, आठला दुसरं विमान भरायला घेतलं.
वायरलेसवाल्यालाही काही ठाऊक नव्हतं.
एवढंच लिहायचं, तर पान भरत नव्हतं.

"मंग?"

"मंग काय. लिखं.
दोन पाडात. आभाळ लाल व्हयनं.
साहेब हासी ऱ्हायंता."

ऊस चरकात दुसऱ्यांदा गेला. चोथा बादलीत पडला.
मला वाटलं, आता म्हणतील, चुकलो.
ते म्हणाले नाहीत.
म्हाताऱ्या बाईचं उत्तर आलं होतं म्हणे,
घडी न मोडलेल्या पाच रुपयांच्या नोटेसकट,
पोरा, थंडीत काही खा म्हणून.
ती नोट खर्च केली की नाही
ते मी विचारलं, त्यांनी ऐकलं नसावं.

"बठ्ठं खोटं शे त्या पिक्चरमा," मी म्हणालो,
त्यांच्या बाजूनं व्हावं म्हणून.

नानांनी टोपीनं मान पुसली.
"लिखेल व्हतं," म्हणाले, "देखेल नव्हतं."
मग थिएटरच्या पाटीकडे
डोळ्यांवर हात धरून बघितलं,
तीनच्या खेळाचं तिकीट
केवढ्याला ते वाचत.