मानवत

परभणीच्या कोर्टासमोर, लिंबाखाली
माझं मशीन एकोणतीस वर्षं.
मराठी टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारतात, अक्षर मागून.
म्हणजे 'विकृत' लिहिताना
आधी हवेत आकडा टांगायचा,
मग त्याखाली माणूस आणायचा.
फारकतीच्या अर्जांत इतक्यांदा मारला
की 'कृ'चा खिळा झिजला.

सासरे निजामाच्या अमदानीत अर्जनवीस.
त्यांच्या पेटीतला एक उर्दू कागद त्यांनीच वाचून दाखवलेला:
कुण्या जहागीरदाराला पायांचा शौक,
बाईचे तोडे स्वतः घासत बसायचा तासन्‌तास.
तक्रार शौकाची नव्हती.
तोड्यांची चांदी कुणाची, याची होती.

उत्तरेश्वर एसटीच्या वर्कशॉपात.
लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, लाइट गेलेली,
म्हणाला, माझे हात बांध.
कामून?
ठाव नाही.
जुन्या इरकलीचा काठ घेतला. गाठ मारली
वासराला मारायची, एका ओढीत सुटणारी.
थांबायचं झालं तर काय म्हणायचं?
लई विचार करून म्हणाला, "मानवत."

एकदा मीच म्हणले.
गाठ सुटली, त्यानं उठून पाणी आणून दिलं,
का ते विचारलं नाही.
पाथरीच्या गाडीत कंडक्टर ओरडायचा,
"मानवत, चला मानवतवाले!"
आम्ही दोघं खिडकीबाहेर बघायचो,
खांदे हलायचे.

गंगाखेडच्या पुढं गोदाकाठच्या देवळात
एक दगडी बाई आरशात बघते
खांद्यावरची नखं. आठशे वर्षं बघते.
गावच्या बाया तिला हळदकुंकू लावतात.
पुजारी म्हणाला, देवीला काटा रुतलाय.

सेलूकडची एक होती.
नाव अर्जात होतं, इथं नाही.
वकील सांगत होते, मी मारत होते:
सामनेवाला हा विकृत असून...
ती मधेच म्हणाली,
बाई, बांधल्याचं सोडा.
मी नको म्हणत होते, ते लिवा.
वकील म्हणाले, ते आलंच की त्यात.
नव्हतं आलं.
जेवणाच्या सुट्टीत मी एक ओळ वाढवली:
'अर्जदाराने वारंवार नको म्हटले.'
एकोणतीस वर्षांत
तेवढी एकच ओळ माझी.

आता तस्नीम वकील मोबाइल पुढं करते,
मावशी, ह्याला किंक म्हणतात,
लोक बोलतात आता, लाजत नाहीत.
किंक.
ओळ संपत आली की मशीनची घंटी वाजायची, तसं.
मी तिला जहागीरदाराचं सांगितलं.
इरकलीचं नाही.

उत्तरेश्वर रिटायर झाला, बोटं आखडलीत.
काल पाथरीला निघालो.
कंडक्टर आता ओरडत नाहीत,
गाडी नुसतीच थांबली.
हा माझ्या कानाशी वाकून, हळूच,
"मानवत."
म्हणलं, बस की.
पाथरी यायचीय अजून.