प्रकरण अकरा, दुसरं प्रूफ

लेखक म्हणतो विश्वं सतरा,
माझ्या मोजणीत सोळाच भरतात.
समासात प्रश्नचिन्ह घालून पुढे जाते.

खेतवाडी, तिसरा मजला, पंखा बंद,
कागद उडू नयेत म्हणून.
नायक आता ज्या मुंबईत उतरलाय
तिथे सात बेटं सातच राहिलीत,
भर घातलीच नाही कुणी.
माझगावहून परळला होडी जाते, भाडं चार आणे.
(मागच्या पानावर 'चाराणे'. एकच काहीतरी ठेवा.)

नावाड्याच्या डाव्या भुवईत खाच.
हेमूच्याही होती, कॅरमचा कोपरा लागून.
लेखकाला मी कधी भेटलेले नाही,
हेमूचं तर त्याला नावही ठाऊक नसणार.

सगळं प्रकरण भूतकाळात:
उतरला, म्हणाला, वल्हं मारलं.
एका ओळीत तेवढा काळ चुकलाय.
'नावाडी मान वर करून हसतो.'

हसला हवं.

लाल पेन टेकवलं, ठिपका उमटला.
प्रेसचा पोऱ्या जिन्यात उभा,
दोनदा खाकरला,
गठ्ठा आजच जायचाय.

ठिपक्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलं:
आहे तसंच ठेवावं.