दुसरा कंट्रोलर

प्लेनो, टेक्सस. रात्रीचे दोन.
डिस्क परवा जायची आहे,
आणि पडदा मधोमध चिरला की
मशीनला मेमरी पुरत नाही.

वेंडेलनं धुकं काढलं. मग एक जिना.
मग राक्षसांच्या सावल्या.
तरी तळघराच्या त्या दारापाशी सगळं धापा टाकतं,
ते दार, जे दोघांनी दोन बटणं
एकाच क्षणी दाबल्याशिवाय उघडत नाही.
त्यानंच लिहिलेला नियम.
एक कंट्रोलर हातात, दुसरा पायाच्या अंगठ्याखाली,
आठवडाभर तो स्वतःचाच जोडीदार.

"हे धरा जरा," तो म्हणाला
कचऱ्याच्या पिशव्या बदलणाऱ्या युसेबियाला.
तिनं हातमोजे काढले. बसली.
बंदूक कशी चालते, विचारलंच नाही.

गोळ्यांच्या गदारोळात तो पुढे धावला, मेला,
पुन्हा उठला, मागे वळला:
खालच्या अर्ध्या पडद्यात
ती बटणापाशी उभी,
त्याच्या वाटेकडे तोंड करून.

"लढत का नाही तुम्ही?"
"तू येणार होतास ना."

दार उघडलं. चित्र अडखळलं, सावरलं.
बगांच्या यादीत त्यानं ते नोंदवलं,
आणि खाली:
दाराजवळ एक बाकडं हवं.
मेमरीचं मग बघू.