थांब

सोयाबीन निघालेल्या रानात, उजाडायच्या आत,
रुस्तुमभाऊच्या उलट्या लुनाच्या चाकाला
दोरी, दोरीच्या टोकाला गोधडीचा बोळा.
आणि वावडी, अडीच वर्षांची कारवानी,
बरगड्या मोजून घ्याव्यात अशी,
माझ्या गुडघ्यांत थरथरती.

पळायचं काय शिकवणार हिला?
ते ती पोटातनंच घेऊन आली.
मी शिकवलं एवढंच: थांब.
चार महिने, भाकरीच्या तुकड्यासमोर, थांब.

उदगीरच्या मैदानात निशाण पडलं.
सात कुत्री धुरळ्यात गेली.
ही माझ्या तोंडाकडं बघत उभी,
नखं मातीत रुतवून.
आन् मी येडा
तिच्याकडं बघता बघता
'जा' म्हणायचंच विसरलो.

परतीला टेम्पोत
चतकोर भाकर पुढं ठेवली.

ती अजून थांबलेली.