ऑफ

ग्लेनिसबाईंनी बाटलीत नाक घातलं,
"इट्स ऑफ" म्हणाल्या
आणि दूध सरळ सिंकमध्ये ओतून दिलं.
ग्रिम्सबीतली माझी ती पहिली सकाळ.
मासे गोठवायच्या कारखान्यात तापमान नोंदायची नोकरी,
आणि यांच्या माडीवर भाड्याची खोली.
मला वाटलं, इथे दुधालाही बटण असतं.

शाळेत आम्हाला एवढाच ऑफ शिकवला होता :
ऑनच्या समोर बसणारा,
खट् केलं की अंधार.

या घरात मात्र तो मोकाट हिंडायचा.
पहाटे साडेचारला घड्याळ "वेन्ट ऑफ",
म्हणजे बोंबलायला लागलं.
मग सिरिल चाचपडत त्याला "टर्न ऑफ" करायचा,
म्हणजे गप्प.
एकच शब्द,
आधी कोंबडा, मग कोंबड्याच्या मानेवरची सुरी.

मी विचारलं, हे कसं काय?
सिरिल बुटाची नाडी ओढत म्हणाला,
"कसं काय म्हणजे?
तो ऑफ गेला, म्हणून मी त्याला ऑफ केला."
मग दारातून, पाठमोराच,
"राइट, आयम ऑफ,"
आणि हॅडकचे खोके ओढायला
धुक्यात शिरला.

मंगळवारी त्याचा ऑफ.
त्या दिवशी रेडिओला कान लावून बसायचा.
घोडे सुटले की आतला माणूस किंचाळायचा, "दे आर ऑफ!"
आणि सिरिलचे पाच पौंड
बहुधा पहिल्याच वळणावर आपटायचे.
"त्या घोड्यांवाचून तू बेटर ऑफ,"
ग्लेनिसबाई विणकामातून मान वर न करता म्हणायच्या.
हे बेटर ऑफ मला अजून नीट लागलेलं नाही.
नेमकं काय वजा केलं
की माणूस बरा होतो?

जानेवारीत त्याने ताट सारलं.
"ही इज ऑफ हिज फूड,"
बाई डॉक्टरला फोनवर सांगत होत्या.
आपल्याकडे अन्नावरची वासना उडते,
वासना उडून जाते, माणूस पाटावरच राहतो.
यांच्याकडे माणूसच
अन्नावरून खाली उतरतो,
स्टॉप आला म्हणून बसमधून उतरावं तसा.

पाच आठवडे हॉस्पिटल.
तिथेही यंत्रं ऑफ जायची,
नर्स येऊन ऑफ करायची.
मी खुर्चीत बसून मनातल्या मनात
पहिला ऑफ, दुसरा ऑफ मोजायचे.
एका रात्री नुसताच दुसरा आला.

घरी फोन केला तर धाकटी म्हणाली,
"म्हणजे म्हातारे ऑफ झाले?"
हो, म्हटलं.
यांचाच शब्द, आपण कधीतरी उसना आणला
आणि त्याला हे काम लावलं.
यांना पत्ताही नाही.

ग्लेनिसबाई ओट्याशी उभ्या होत्या.
कप धुतलेलाच होता, पुन्हा धूत होत्या.
"काय म्हणालीस गं तिला?
मधे आमचा एक शब्द ऐकू आला."
मी घुटमळले. मग सांगून टाकलं :
आमच्यात म्हणतात, सिरिल ऑफ झाला.

त्यांनी कप पालथा घातला.
"अगदी बरोबर," म्हणाल्या,
"तसाच होता मेला.
वळून बघायचं म्हणून कधी माहीत नाही."

मी दुरुस्त केलं नाही.
दुरुस्त करण्यासारखं काय होतं त्यात,
तेही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी साडेचारला
खालून गजर सुरू झाला.
कुणीच त्याला सांगितलं नव्हतं.
वाजला, वाजतच राहिला,
भिंतीपलीकडच्या टॉलर्टनांचा कुत्रा उठला,
आणि मी पांघरुणात डोळे उघडे ठेवून
त्या दुसऱ्या ऑफची वाट पाहत राहिले.

फार उशिराने तो आला.

मग फ्रिजचं दार.
मग बराच वेळ काही नाही.
मग जिन्याखालून हाक :
"जागी आहेस का गं?
येताना दूध आणशील? हे जरा..."