अनुच्चारित

कंपूतल्या त्या खोलीत हीटर लावला होता,
तरी नस सापडेना.
पोरगा म्हणाला, आंटी, मुट्ठी बांधिए.
मी मूठ वळली आणि फॉर्मकडे पाहिलं:
वैजयती ढोबले.

'ळ' इकडे कुणाला येत नाही, तो मी कधीच सोडून दिला.
पण 'य'वरचं टिंब तरी!
एका हातात सुई, दुसऱ्यात पेन,
मी ते दिलं.
जांभळ्या झाकणाच्या नळीत
माझं रक्त घाईघाईनं चढत होतं.

डॉक्टरबाई समजावत होत्या:
अक्षरं जन्मभर तीच राहतात,
त्यांच्यावर कुठेकुठे बारीक खुणा बसतात,
वयानं, धुरानं, कशाकशानं.
चुकीच्या जागी खूण बसली
की तेवढं वाक्य पेशी वाचतच नाही.
समझीं आप?

मी दौलतगंजातल्या मास्तरांची मुलगी.
मला टिंबांबद्दल काय सांगता.

अण्णा शेवटपर्यंत 'नांव' असंच लिहीत,
कांहीं, पांच, घरांत, तूं.
नवे नियम आले, शाळेत परिपत्रक वाचून झालं,
हे फळ्याकडे वळले आणि टिंबं देत राहिले.
ऐकू येत नाही म्हणजे नाहीच,
असं कुणी सांगितलं तुम्हांला?
एका टिंबाला पाव मार्क.
कुंदाचे नेहमी कापले जायचे.
ती आधी सगळी ओळ लिहून काढायची
आणि मग वरून टिंबं टाकायची,
अक्षतांसारखी, पडतील तिथे.

अकरा वर्षांपूर्वी याच इमारतीत शिबिर होतं.
फुकट आहे, चल, म्हणत
कुंदानंच मला ओढत आणलं.
दोघींनी रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली, रिक्षा केली.
तिची नळी तेव्हापासून उणे ऐंशीत उभी आहे.
गाठ हाताला लागली त्यानंतर सात वर्षांनी,
भोगीच्या सकाळी,
अंगाला तिळाचं वाटण चोळताना.

आता ती जुनी नळी वितळवणार,
गाठीच्या आधीच्या रक्तातल्या खुणा मोजणार.
शेजारी माझी.
त्यांच्या कागदावर मी: निरोगी, तुलनेसाठी.

मी विचारलं, म्हणजे तेव्हाच लिहिलेलं होतं?
बिस्किटं खात होतो तेव्हा?

बाई थांबल्या. प्रामाणिक असाव्यात.
खूप जणींचं एकत्र पाहिलं तर
काहीतरी दिसेल, म्हणाल्या, कदाचित.
एकीचं सांगता येत नाही. अभी नहीं.
मग टेबलावरचा कापूस उगाच नीट ठेवला.

गाठ.
अण्णांच्या वहीत तिच्यावर टिंब होतं: गांठ.
मराठीनं ते पुसून टाकलं,
आम्ही बोलताना कधी घेतलंच नव्हतं.
पण चार वर्षांपूर्वी, पडद्याआडच्या टेबलाशी,
सर्जन म्हणाला, गाँठ है, बहनजी.
नाकातून. स्वच्छ.
कुंदानं माझ्याकडे पाहिलं,
उघड्या खांद्यावर चादर ओढत,
आणि आम्हां दोघींना हसू फुटलं.
त्याला वाटलं, धक्का बसलाय.
त्यानं पाणी मागवलं.

नळीवर नाव नाही, नुसता आकडा.
माझं टिंब फॉर्मवरच राहिलं.
थर्मोकोलच्या डब्यात बर्फ भरून
पोरगा चिकटपट्टी दातांनी तोडत होता,
दुपारच्या गाडीनं दिल्लीला जायचं होतं सगळं.

बाहेर धुकं अजून उठलं नव्हतं.
फोन वाजला. कुंदा.
किती नळ्या काढल्या गं?
दोन.
बिस्किटं दिली?
नाही या वेळी.

मग कशाला गेलीस, म्हणाली,
आणि खोकली, आणि म्हणाली, येताना तीळ आण.