छाट

सिन्नरच्या कारखान्यात चेकर सूप पुढं ओढतो,
बोटानं विड्या उलट्यापालट्या करतो,
पोट फुगलेली, तोंड उघडं राहिलेली,
दोरा सैल पडलेली
बाजूला फेकतो. ती छाट.
तिची मजुरी नाही.
पदराच्या टोकात बांधून मी ती घरी आणायची,
मल्लेशसाठी.

आधीच सांगून टाकते : पहिली विडी त्याला मीच दिली.
एकवीस वर्षांचा होता. तीन रात्री डोळा नाही,
भिंतीतल्या माणसांशी भांडून घसा बसलेला.
विडी पेटली आणि तो दोन मिनिटं गप्प झाला.
आमच्या घरात तेव्हा दोन मिनिटं केवढी होती,
काय सांगू.

पुढं सगळेच म्हणायचे, ओढू दे गं,
त्याला दुसरं आहे काय?
नाशिकला सिव्हिलमध्ये ठेवला होता,
तिथला वॉर्डबॉयही आंघोळ केली की एक,
गोळी गिळली की एक,
गुपचूप द्यायचा, लहान पोराला खडीसाखर द्यावी तशी.
घरी आला तो दिवसाला चाळीसवर.
मी मोजणारी बाई. हजारावर माझी मजुरी.
शर्टाला भोकं, गोधडीला भोकं,
तीही मोजली.

मग आहेर डॉक्टरीणबाई आल्या.
त्यांनी आवाजांचं आधी विचारलंच नाही.
विचारलं, विडी पेटवायच्या आधी कसं होतं?
जीव वर येतो. छातीत मुंग्या.
आणि ओढल्यावर?
जातं.
आणि तासाभरानं?
येतं.
बाई म्हणाल्या, मग हे भिंतीतल्या माणसांचं नव्हे, विडीचंच.
तीच चावते, तीच फुंकर घालते.
मल्लेश हसला.
सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं
की त्याचं सगळंच काही त्या आजाराचं नाही.

एका दिवसात सुटली नाही.
दंडाला चिकटपट्टी, खिशात फुटाणे,
दोनदा मोडलं.
एकदा द्वारका चौकात कुणाच्या तरी बोटांतली
हिसकावून पळाला, मार खाऊन आला.
मी म्हटलं, जाऊ दे रे, नको सोडूस.
ओठ सुजलेला. म्हणाला, नाही.

तिसऱ्या आठवड्यात मात्र उठेचना.
लाळ गळायची, जीभ जड, पाय पिठाचे.
शेजारीण म्हणाली, बघ, विडी तोडली नि पोर गेलं.
त्या रात्री मी छाटीतली एक
त्याच्या उशाशी ठेवली.
खरं सांगते, ठेवली.
सकाळी तशीच होती.
बाईंनी रक्त तपासलं, गोळी कमी केली.
म्हणाल्या, इतकी वर्षं धूर औषध खात होता,
आता ते अंगी लागतंय.
अंगी लागतंय! जेवणाबद्दल बोलावं तसं.

माणसं भिंतीत आहेतच अजून.
पण म्हणतो, मागच्या खोलीत बसतात, दार लोटून.
नखाचा पिवळा पुढं सरकत सरकत
नेलकटरात गेला.
ओपीडीच्या दिवशी त्र्यंबक नाक्यावर मिसळ खातो आम्ही.
परवा घास तोंडात तसाच धरून म्हणाला,
अक्का, याला चव आहे.

संध्याकाळी समोर बसून पानं कापून देतो,
पत्रा ठेवून, शिरा टाळून, माझ्याहून नीट.
मी तंबाखू भरते, वळते, दोरा बांधते.
काल सूप भरत आलं तेव्हा विचारलं त्यानं,
ह्या कुणाला जातात गं?

मी टोकं दुमडत राहिले,
एकेकीचं तोंड बंद करत.
आठशे बारा.
आठशे तेरा.